अहवालाखालची सही



आंदर मावळातल्या टाकवे बुद्रुक इथल्या या स्मृतिव्याख्यानासाठी निवडलेला विषय वरवर पाहता शहरातल्या कचेऱ्यांचा वाटेल. समाजकार्य हा ज्याचा पेशा आहे त्याला परवाना असावा का, तो कुणी द्यावा, कशाच्या आधारावर द्यावा, आणि एकदा मिळालेला परवाना टिकवायचा कसा, हा तो विषय. वकिलाला सनद लागते. डॉक्टरचे नाव वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत असावे लागते. औषधाच्या दुकानात फार्मासिस्टचे प्रमाणपत्र भिंतीवर लावावे लागते. कान्हे फाट्यावरून टाकव्याकडे प्रवासी आणणाऱ्या चालकालाही लायसन्स लागते. पण एखाद्या घरात जाऊन ‘हे मूल इथे राहावे की नाही’ असे लिहून देणाऱ्या माणसाला आपल्या राज्यात असे काहीही लागत नाही. नोकरीच्या जाहिरातीत पदवी मागतात, एवढेच. पदवी म्हणजे तो शिकला याचा पुरावा. तो आज नीट काम करतो आहे का आणि चुकला तर त्याला विचारणारे कोणी आहे का, याबद्दल पदवी काहीच सांगत नाही.

हा प्रश्न मावळात बसून पाहिला तर फार स्पष्ट दिसतो. अशी कल्पना करा की दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर गेलेल्या एका कातकरी कुटुंबातले आठ वर्षांचे मूल रेल्वे स्थानकावर एकटे सापडते. पोलीस किंवा चाइल्ड हेल्पलाइन त्याला पुण्याला बालकल्याण समितीपुढे उभे करतात. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ३६ प्रमाणे समिती सामाजिक तपासणीचा आदेश देते. ही तपासणी १५ दिवसांत पुरी व्हायची असते, म्हणजे पहिल्या हजेरीपासून ४ महिन्यांच्या आत समितीला अंतिम आदेश देता येतो. कुणीतरी वाडीवर येते, अर्धा-पाऊण तास बसते, शेजाऱ्याला दोन प्रश्न विचारते आणि ठरावीक नमुन्यातले रकाने भरते. त्यातला एक रकाना घरच्या परिस्थितीचा असतो. तिथे ‘पालक कामानिमित्त सतत बाहेर, देखरेख नाही’ असे लिहिले गेले तर त्या एका ओळीचे वजन केवढे होते हे सांगायला नको. हंगामी स्थलांतर म्हणजे काय, भट्टीवर मूल कुणाच्या नजरेखाली असते, आजी कोणत्या वाडीवर राहते, उचल फिटेपर्यंत बापाला मुकादम सुट्टी देतो का, हे ज्याला विचारावेसे वाटले त्याचा अहवाल वेगळा होतो. ज्याला वाटले नाही त्याचाही अहवाल नियमात बसतो. मूल मात्र एकाच अहवालाच्या आधारे घरी येते किंवा बालगृहात जाते. समितीच्या आदेशाविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येते. अहवाल लिहिणाऱ्याच्या कामाबद्दल कुठे जायचे? तो सरकारी असेल तर त्याच्या वरिष्ठाकडे, संस्थेचा असेल तर संस्थेकडे. म्हणजे ज्यांनी त्याला पाठवले त्यांच्याचकडे.

डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र वैद्यक परिषद आहे, वकिलाविरुद्ध महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिल आहे. या परिषदा आदर्श आहेत असे कुणीच म्हणणार नाही. पण तिथे निदान एक दार आहे, आणि त्या दारामागे बसलेली माणसे त्या डॉक्टरला पगार देणारी नसतात. समाजकार्याच्या परवान्यावर गेली कित्येक वर्षे चर्चा चालू आहे. १९९० च्या दशकापासून राष्ट्रीय परिषदेच्या विधेयकाचे मसुदे फिरत आहेत, पण संसदेने अजून तसा कायदा केलेला नाही. ही चर्चा बहुतेक वेळा पेशातल्या लोकांनी पेशाच्या बाजूने केली आहे: आमची प्रतिष्ठा, आमच्या जागा, आमचा पगार, आमच्या पदावर इतर शाखांचे पदवीधर बसतात त्याचे काय. या मागण्या खोट्या नाहीत. पण परवान्याचा विचार दुसऱ्या टोकाकडून, म्हणजे ज्याच्यावर अहवाल लिहिला जातो त्याच्याकडून सुरू केला, तर परवाना कुणाला आणि कशासाठी द्यायचा याची उत्तरे बरीच बदलतात. माझे म्हणणे एवढेच आहे की परवाना ‘समाजसेवे’ला नको. ज्या सहीने दुसऱ्याच्या आयुष्याचा निर्णय होतो, त्या सहीला हवा.

आधी शब्दाचा घोळ पाहू, कारण अर्धा गोंधळ तिथेच आहे. मराठीत ‘समाजसेवक’ हा शब्द इतका सढळ झाला आहे की वाढदिवसाच्या प्रत्येक फ्लेक्सवर तो असतो, आणि त्याच्या शेजारी बहुधा ‘भावी’ या शब्दाने सुरू होणारे एखादे पदही असते. ‘कार्यकर्ता’ म्हटले की पक्षाचा की चळवळीचा असा प्रश्न येतो. पदवीधरांनी स्वतःसाठी ‘समाजकार्यकर्ता’ किंवा ‘व्यावसायिक समाजकार्यकर्ता’ असा शब्द बनवला, पण तो वर्गाबाहेर फारसा रुजला नाही. लोक त्यांना सर, मॅडम, ताई किंवा ‘संस्थेवाले’ म्हणतात. कायदेही याच घोळात आहेत. वेठबिगार पद्धत (उच्चाटन) कायदा, १९७६ च्या दक्षता समित्यांवर दोन ‘सोशल वर्कर’ असतात. त्यांची कायद्याने सांगितलेली पात्रता म्हणजे ते त्या जिल्ह्यात किंवा उपविभागात राहणारे असावेत आणि जिल्हा दंडाधिकाऱ्याने त्यांची नेमणूक करावी. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याच्या सल्लागार समितीत तीन नामवंत समाजसेवक हवे असतात. नामवंत म्हणजे कोण, याची कसोटी सांगितलेली नाही. बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्यासोबत दोन समाजसेवक सदस्य बसतात, त्यांपैकी किमान एक स्त्री असावी लागते. त्यांनी मुलांच्या आरोग्य, शिक्षण किंवा कल्याणाच्या कामात किमान सात वर्षे घातलेली असावीत, किंवा त्यांच्याकडे बालमानसशास्त्र, मनोविकारशास्त्र, समाजशास्त्र वा कायदा यांतली पदवी असून ते त्या क्षेत्रात काम करणारे असावेत. ही यादी नीट ऐका. ‘सोशल वर्कर’ या जागेसाठी चालणाऱ्या पदव्यांत सोशल वर्कचीच पदवी नाही! त्याच कायद्यातल्या बालकल्याण समितीच्या पात्रतेत मात्र ती आहे. एकाच कायद्याच्या दोन कलमांत एकाच पेशाची ओळख अशी हरवते आणि सापडते.

याला मी निष्काळजीपणा म्हणणार नाही, निदान पूर्णपणे नाही. कायद्याला दोन वेगळ्या माणसांची गरज असते आणि त्याच्याकडे शब्द एकच आहे. वेठबिगारीच्या समितीवर गावचे खरे बोलणारा, मुकादमाला न घाबरणारा, कुठल्या भट्टीवर कोण अडकले आहे हे माहीत असलेला माणूस हवा असतो. तिथे पदवीची अट घातली तर समितीच निकामी होईल. अहवाल लिहिणारा माणूस मात्र पद्धत शिकलेला हवा: प्रश्न कसा विचारायचा, ऐकीव आणि पाहिलेले वेगळे कसे नोंदवायचे, आपला पूर्वग्रह कुठे शिरतो, कुठली माहिती गुप्त ठेवायची. पहिल्या माणसाचे बळ त्याच्या गावात आहे आणि दुसऱ्याचे त्याच्या शिस्तीत. परवान्याचा प्रश्न फक्त दुसऱ्यापुरता आहे.

ही शिस्त आपल्याकडे आली कशी, याचा धागा योगायोगाने याच खोऱ्याला लागून जातो. १९११ मध्ये ना. म. जोशी यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि स्वयंसेवकांना थोडेफार शिकवून कामाला पाठवण्याची कल्पना रुजू लागली. त्यानंतर १९३६ मध्ये नागपाड्यात सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकी मिशनरी त्याचे पहिले संचालक. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. हे नाव तिला १९४४ मध्ये मिळाले. देशातले हे समाजकार्याचे पहिले पदव्युत्तर विद्यालय ज्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून उभे राहिले, त्यांच्याच उद्योगसमूहाच्या आंध्र व्हॅली कंपनीने त्याआधी आपल्या आंद्रा नदीवर ठोकरवाडीचे धरण बांधून भिवपुरीची वीज काढली होती. गावे पाण्याखाली घालणारा पैसा आणि गावांची दुःखे समजून घ्यायला शिकवणारा पैसा एकाच घरातून यावा, यावर टीकाही करता येईल आणि समाधानही मानता येईल. आंदर मावळातल्या माणसाला दोन्ही करायचा हक्क आहे. पुढे १९५५ मध्ये मुंबईत निर्मला निकेतन, १९६३ मध्ये पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था अशी महाविद्यालये निघत गेली. आज राज्यातल्या अनुदानित समाजकार्य महाविद्यालयांचा कारभार सामाजिक न्याय विभागाकडे आहे, म्हणजे या शिक्षणावर सरकारचा पैसा रीतसर खर्च होतो.

शिकलेल्यांना पहिली हक्काची जागा दिली ती कारखान्यांनी. कारखाने कायदा, १९४८ च्या कलम ४९ प्रमाणे ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमावा लागे, आणि त्याची पात्रता व कर्तव्ये राज्याच्या नियमांनी ठरवली. टाकव्याच्या आसपास आता कारखान्यांच्या शेड उभ्या आहेत, तेव्हा हे पद इथल्या लोकांना परके नाही. पण त्याचे पुढे काय झाले तेही पाहावे. कामगार आणि मालक यांच्यामध्ये उभे राहण्यासाठी निर्माण केलेला हा अधिकारी हळूहळू मालकाच्या ‘पर्सोनेल’ खात्यात मिसळला, नंतर एच.आर. झाला. कायद्याने त्याची पात्रता सांगितली, पगार मालकाकडून ठेवला, आणि पेशाची स्वतंत्र नोंदवही दिली नाही. जिथे पात्रता बाहेरून ठरते पण जबाबदारी विचारणारा फक्त मालक असतो, तिथे दुसरे काय होणार? परवान्याचे महत्त्व ज्यांना पटत नाही त्यांनी कल्याण अधिकाऱ्याचा हा इतिहास जरूर पाहावा.

आपल्याकडे परवाना अगदीच नाही असेही नाही. तीन दारांनी तो थोडा थोडा आत आला आहे. भारतीय पुनर्वास परिषद कायदा, १९९२ खाली जे १६ व्यवसाय नोंदवले जातात त्यांत पुनर्वसन क्षेत्रातला समाजकार्यकर्ता आहे. केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव असल्याशिवाय अपंग व्यक्तींसोबत व्यवसाय करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ही नोंदणी ठरावीक मुदतीने नव्याने करावी लागते आणि त्यासाठी चालू प्रशिक्षणाचे गुण दाखवावे लागतात. दुसरे दार मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चे. त्याने मनोविकार-समाजकार्यकर्त्याची व्याख्या केली: समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, त्यावर देखरेखीखालच्या क्लिनिकल प्रशिक्षणासह दोन वर्षांचे पूर्ण वेळ एम.फिल. आणि राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी. तिसरे दार २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्याचे. त्याच्या अनुसूचीत दहा गट आहेत आणि वर्तन-आरोग्याच्या गटात वैद्यकीय, क्लिनिकल आणि मनोविकार क्षेत्रातले समाजकार्यकर्ते आले आहेत. राज्य परिषदेमार्फत त्यांच्या नोंदणीची सोय या कायद्यात आहे.

आता या तीन दारांचा नकाशा मांडून पाहा. एकाच वर्गात शेजारी बसून एमएसडब्ल्यू झालेल्या दोघींपैकी एक सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक झाली, तर २०२१ चा कायदा तिला आपल्यात घेतो. दुसरी बालसंरक्षण कक्षात गेली, मुलांच्या ताब्याबद्दल अहवाल लिहू लागली, तर तिला कुठलीच नोंदवही विचारत नाही. रुग्णालयातली एक चूक एखाद्या डॉक्टरच्या नजरेला येण्याची शक्यता असते. वाडीवरच्या गृहभेटीला दुसरा साक्षीदार क्वचितच असतो. म्हणजे जिथे चूक पकडली जाण्याची शक्यता कमी, तिथेच नोंदणी नाही. शिवाय परवाना एकाच पदवीला बांधला की काय होते, याचा धडा दुसऱ्या दाराने दिलाच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीने एम.फिल. ही पदवी बंद केली. पण कायद्यातली व्याख्या त्याच पदवीवर उभी! अखेर २०२४ च्या जानेवारीत आयोगाला या एम.फिल.चे, आणि चिकित्सा मानसशास्त्राच्या एम.फिल.चेही, प्रवेश २०२५-२६ पर्यंत चालू ठेवण्याची मुदत द्यावी लागली. एका खात्याने उंबरठा बांधायचा आणि दुसऱ्याने त्याखालची जमीन काढून घ्यायची, असा हा प्रकार. म्हणून परवान्याची अट एखाद्या पदवीच्या नावावर ठेवू नये. कोणते काम, किती तास, कुणाच्या देखरेखीखाली केले, यावर ठेवावी.

इथे एक रास्त शंका येते. नियंत्रण नाही असे कसे म्हणता? बालगृहाला बाल न्याय कायद्याच्या कलम ४१ खाली नोंदणी घ्यावी लागते, दत्तक संस्थेला मान्यता लागते, विश्वस्त संस्थेला धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यावा लागतो, परदेशी पैसा घ्यायचा तर आणखी एक कायदा आहे. हे सगळे खरे आहे. आपल्या राज्याने संस्थांना परवाने दिले, माणसांना दिले नाहीत. त्यामुळे संस्था बंद पडली की माणूस कोरा होऊन पुढच्या संस्थेत रुजू होतो. आंतरदेशीय दत्तकाच्या प्रश्नात हा मुद्दा फार जुना आहे. १९८४ च्या लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गृह-अभ्यास अहवाल, मुलाचा अहवाल आणि त्यांची स्वतंत्र छाननी यांची चौकट घालून दिली. मुंबई उच्च न्यायालयात अशा छाननीसाठी इंडियन कौन्सिल ऑफ सोशल वेलफेअरची मदत घेतली जात असे. म्हणजे अहवाल लिहिणारा एक आणि तपासणारा दुसरा, हे तत्त्व न्यायालयाला तेव्हाच पटले होते. तरी २०१० मध्ये पुण्यातल्या एका दत्तक संस्थेच्या कारभाराची चौकशी मुंबई उच्च न्यायालयाला सीबीआयकडे सोपवावी लागली. अशा वेळी संस्थेच्या नावाची पाटी उतरते, विश्वस्तांची नावे वर्तमानपत्रांत येतात. कागदांवर सह्या करणाऱ्या पगारी माणसाला मात्र त्याच्या पेशाने कोणत्या शब्दांत काय विचारावे, याची कुठेही सोय नसते.

सगळ्यात जड आक्षेप या मातीतला आहे. महाराष्ट्रात समाजाचे काम पदवीने उभे राहिलेले नाही. सावित्रीबाईंना कुणी परवाना दिला होता? महर्षी विठ्ठल रामजी शिंद्यांनी १९०६ मध्ये मिशन काढले ते कुठल्या परिषदेला विचारून? सिंधुताई सपकाळ यांचे औपचारिक शिक्षण चौथीपर्यंतचे. उद्या परवाना सक्तीचा झाला तर अशी माणसे बेकायदा ठरतील, आणि चार बुके शिकलेला, गावात एक रात्रही न राहिलेला माणूस कायदेशीर ठरेल. हा आक्षेप हसण्यावारी नेता येत नाही. पण तो लागू होतो फक्त ‘समाजसेवे’वर परवाना लादला तर. अनाथ मुलांना जवळ करणे, शाळा काढणे, मोर्चा काढणे, वेठबिगार सोडवणे, यांवर कुणाचाही परवाना असता कामा नये. लोकशाहीत तो नागरिकाचा हक्क आहे. न्यायालयाच्या किंवा समितीच्या निर्णयाचा आधार ठरू शकेल असा अहवाल लिहिणे ही वेगळी गोष्ट आहे, कारण तिथे आपण राज्याची सत्ता हातात घेतलेली असते. आणि ज्यांची नावे आपण या आक्षेपात घेतो त्यांनी स्वतः शिस्त टाळली होती असेही नाही. बाबा आमटे शिक्षणाने वकील. कुष्ठरुग्णांच्या कामात उतरल्यावर ते कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन कुष्ठरोगाचा अभ्यासक्रम करून आले. करुणा पुरेशी होती तिथे त्यांनी करुणेवर भागवले. दुसऱ्याच्या शरीराला हात लावायची वेळ आली तेव्हा ते शिकायला गेले. परवान्याची रेषा नेमकी याच ठिकाणी ओढावी, असे मला म्हणायचे आहे.

दुसरा आक्षेप अनुभवातून आलेला आहे: परिषद आली की टोलनाका येतो. शुल्क, दाखले, एजंट, निवडणुका, गट. भारतीय वैद्यक परिषद २०१० मध्ये बरखास्त करावी लागली आणि २०२० मध्ये तिच्या जागी नवा आयोग आला, हे सर्वांना माहीत आहे. नोंदवही ज्यांच्या हातात असते ते तिचा मळा करून राहू शकतात. परीक्षेचेही तसेच. अमेरिकेत बहुतेक राज्यांत समाजकार्याच्या परवान्यासाठी एका संघटनेची परीक्षा द्यावी लागते. इथून तिकडे गेलेल्या मराठी मुलामुलींनाही ती चुकत नाही. त्या संघटनेने २०२२ मध्ये स्वतःच निकालांचे पृथक्करण जाहीर केले. क्लिनिकल परीक्षेत पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण होणाऱ्या गोऱ्या उमेदवारांचे प्रमाण सुमारे ८४ टक्के होते, कृष्णवर्णीयांचे ४५ टक्के. एकच अभ्यासक्रम शिकून आलेल्या माणसांत एवढी दरी असेल तर ती परीक्षा कामाची समज मोजते की आणखी काही, असा प्रश्न तिथे उभा राहिला. इलिनॉय राज्याने एका पातळीच्या परवान्यासाठीची परीक्षाच काढून टाकली. आपल्याकडे इंग्रजीत घेतलेल्या बहुपर्यायी परीक्षेत कोण गळेल हे कळायला आकडेवारी लागत नाही. कातकरी वाडीतून शिकून वर आलेली, आपल्या माणसांची बोली जाणणारी मुलगी गळेल, आणि अहवाल लिहायला तिच्याइतके योग्य माणूस दुसरे मिळणार नाही. म्हणून हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो आणि त्यातून परवान्याविरुद्धचा नव्हे, परीक्षेविरुद्धचा निष्कर्ष काढतो. पात्रता देखरेखीखाली केलेल्या कामाच्या नोंदीवर ठरावी, मराठीत ठरावी. परिषदेत पेशाबाहेरची माणसे, विशेषतः सेवा घेणाऱ्यांच्या बाजूची, निम्मी तरी असावीत.

तिसरा आक्षेप सरकारी कचेऱ्यांतून ऐकू येतो: माणसेच मिळत नाहीत, त्यात परवाना कुठून मागणार? बालसंरक्षणाच्या योजनेतली बरीच पदे कंत्राटी आहेत, मानधन तुटपुंजे, करार थोड्या महिन्यांचा आणि पुढे वाढेल या आशेवर टिकलेला. अशा माणसावर आणखी एक ओझे का? हे ओझे आहे असे मला वाटत नाही. कंत्राटी कर्मचाऱ्याला आज ‘नाही’ म्हणायला काहीच आधार नसतो. ‘भेट झाली असे लिही’, ‘भट्टीमालकाचे नाव नको’, ‘हे प्रकरण या महिन्यात बंद कर’ असे कुणी सांगितले तर त्याच्यापुढे दोनच वाटा असतात, लिहायचे किंवा पुढच्या कराराला मुकायचे. नोंदणीकृत परिचारिका किंवा फार्मासिस्ट अशा वेळी म्हणू शकतो की माझी नोंदणी जाईल. ते वाक्य बोलायला सोपे असते, कारण त्यात वरिष्ठावर आरोप नसतो. दोषही माझा नाही आणि हट्टही माझा नाही, नियम बाहेरचा आहे. दुबळ्या जागेवर बसलेल्या प्रामाणिक माणसाला असे बाहेरचे कवच लागते. आंदर मावळात एकट्याने फिरणाऱ्या कार्यकर्त्याच्या बाजूने परवान्यासाठी दुसरा कुठलाही युक्तिवाद केला नसता तरी मला हा एक पुरेसा वाटला असता.

उरला परवाना टिकवण्याचा प्रश्न. इंग्लंडमध्ये ‘सोशल वर्कर’ हे नाव लावण्यावर २००५ पासून कायद्याचे बंधन आहे. २०१९ च्या डिसेंबरपासून ही नोंदवही सोशल वर्क इंग्लंड या नियामकाकडे आहे. तिथे दरवर्षी नूतनीकरण होते आणि त्यासाठी वर्षभरात काय शिकलो याची लेखी नोंद द्यावी लागते, तीही एखाद्या सहकाऱ्याशी चर्चा करून. नोंदवही कुणालाही पाहता येते आणि सुनावण्यांचे निर्णय प्रसिद्ध होतात. यातली नाव राखून ठेवण्याची गोष्ट आपल्या कामाची नाही. फ्लेक्सवरचा ‘समाजसेवक’ कायद्याने उतरवता येणार नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. पण सहकाऱ्यासोबतच्या चर्चेचा भाग मोलाचा आहे. आपल्याकडे डॉक्टरांना पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट गोळा करावे लागतात आणि त्यांतले पुष्कळसे परिषदांच्या जेवणाच्या कुपनांसारखे जमा होतात हे सर्वश्रुत आहे. समाजकार्यात तसे झाले तर सगळे मुसळ केरात. टिकवण्याची अट खुर्चीत बसून ऐकलेल्या तासांवर ठेवण्यापेक्षा लिहिलेल्या अहवालांवर ठेवावी. वर्षातले पाच-सहा अहवाल, नावे झाकून, दुसऱ्या तालुक्यातल्या एका अनुभवी कार्यकर्त्याने वाचावेत, ‘हे तू पाहिलेस की ऐकलेस?’ असे विचारावे आणि त्या चर्चेची नोंद नूतनीकरणासोबत जोडावी. मावळातल्याचे जुन्नरात वाचले जातील, जुन्नरातल्याचे मुळशीत. शिकणे आणि तपासणे एकाच कामात होते, आणि यासाठी इमारत लागत नाही.

हे सगळे होण्यासाठी संसदेच्या विधेयकाची वाट पाहायची गरज नाही. २०२१ च्या कायद्याची राज्य परिषद आरोग्यक्षेत्रापुरती आहे. बालसंरक्षण, परिवीक्षा आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या कामातल्या अहवाल लेखकांसाठी राज्याचा महिला व बालविकास विभाग स्वतःची जिल्हावार नोंदवही उद्या सुरू करू शकतो. नेमणूक करण्याचा आणि अटी घालण्याचा अधिकार त्याच्याकडे आजही आहे. या नोंदवहीची पहिली दोन पाने कशी असावीत याबद्दल मतभेद होतील, व्हावेत. पण अहवालाच्या शेवटच्या पानावर काय असावे हे ठरवणे सोपे आहे. लिहिणाऱ्याचे पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, प्रत्यक्ष भेटीची तारीख आणि वेळ, कोणाकोणाशी बोलणे झाले, आणि तक्रार कुठे करायची त्या कार्यालयाचा पत्ता व फोन. मुलाच्या हिताला बाधा येत नसेल तिथे या पानाची एक प्रत ज्या घरावर अहवाल लिहिला त्या घरात ठेवून यावी. ज्यांना वाचता येत नाही त्यांना अंगणवाडीताई ते वाचून दाखवतील. भट्टीच्या हंगामात घर बंद असेल, तर प्रत आजीच्या वाडीवर पोचवावी.